तरवड घरी लावायचा तर

ऑक्टोबरात फलटणहून मोगराळे घाट चढून दहिवडीकडे निघालात, की उघड्याबोडक्या माळावर हळद उधळल्यासारखी पिवळी झुडपं दिसायला लागतात. कुणी लावलेली नाहीत, कुणी त्यांना तांब्याभर पाणी घातलेलं नाही. शेळ्यामेंढ्याही सहसा तोंड लावत नाहीत. हा तरवड. नवरात्रात घटाला माळ करायला आमच्याकडे हीच फुलं आणतात, त्यामुळे ओळख लहानपणापासूनची. तो कुंपणाच्या आत लावावा, असं मात्र चाळिशी उलटेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

पहिला तरवड मी खणून आणला. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, जेसीबी उद्या इथवर येणारच होता, म्हणून गुडघ्याएवढं एक झुडूप कुदळीनं काढलं. वीत-दीड वीत खणल्यावर मूळ तुटलं. म्हटलं, उरलेल्यावर निघेल. घरी आणून खड्डा केला, शेणखत भरलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठवड्यात पानं गळाली, पंधरा दिवसांत काटकी झाली. आमच्या बांधाला मेंढरं घेऊन येणारे एक म्हातारबुवा ते बघून म्हणाले, "त्याचा जीव खाली असतोय, मास्तर. तो तुम्ही रानातच ठेवून आलाय."

पुढची सगळी कृती या एका वाक्यावर उभी आहे. तरवडाची दुष्काळ सोसायची ताकद पानात किंवा खोडात नसते, ती त्याच्या सरळ खाली जाणाऱ्या सोटमुळात असते. मूळ न दुखवता खोल जाऊ द्यायचं आणि मग आपण बाजूला व्हायचं. यातलं दुसरं काम जास्त अवघड आहे.

आधी झाड तेच आहे ना?

पिवळी फुलं आणि चपट्या शेंगा म्हटलं की घोटाळा ठरलेला. नर्सरीत तरवड मागितला की कधी टेकोमा हातात ठेवतात, कधी कशिदाचं रोप. टेकोमाची फुलं घंटेसारखी आणि पानांच्या कडा दातेरी असतात, तो लगेच ओळखू येतो. कशीद मोठा वृक्ष होतो, बंगल्याच्या अंगणात नंतर डोकेदुखी. नावामुळे तरोट्याशीही गल्लत होते. तरोटा, म्हणजेच टाकळा, ही पावसाळ्यात उगवून हिवाळ्यापर्यंत वाळणारी, भाजी करतात ती वनस्पती. ती वर्षभराची पाहुणी आहे आणि तरवड बारमाही झुडूप आहे.

खात्रीची खूण फुलात शोधू नका, पानाच्या बुडाशी शोधा. पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं असतात आणि ती गळून न जाता तशीच राहतात. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, त्यातलं ऑरिक्युलाटा म्हणजे 'कान असलेली'. जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा असं सापडेल, झाड तेच. रोप पेरभर असतानाही हे कान दिसतात, त्यामुळे फसायचं काही कारण नाही.

उंची साधारण चार ते सहा फूट, मोकळं सोडलं तर आणखी वाढतो. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आत बी जिथे असेल तिथे फुगीर आणि मध्ये दबलेली. माळावरचा तरवड पाऊस संपता संपता सगळ्यात जास्त फुलतो, पण थोडी फुलं इतर महिन्यांतही दिसतात.

बी कुठून आणायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत झुडपावरच्या शेंगा तपकिरी होऊन खुळखुळायला लागतात. हीच वेळ. रस्त्याकडेच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या बांधावरच्या झुडपांवरून घ्या, राखीव वनातून नको. एकाच झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडण्यापेक्षा चार-पाच झुडपांच्या दोन-दोन घ्या. झाडाझाडात थोडा फरक असतो, एखादं आपल्या जमिनीला जास्त मानवतं. पंधरा-वीस शेंगांत घरच्या बागेला पुरून उरेल इतकं बी निघतं.

शेंगा सोलताना प्रत्येक बी बघा. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर आतला गर भुंगेऱ्यानं खाल्लेला असतो. डाळीकडधान्याला लागतो त्याच्याच जातभाईचं हे काम. असं बी सरळ टाकून द्या. राहिलेलं पाण्यात टाकून जे तरंगेल तेही काढा.

कवच फोडल्याशिवाय उगवत नाही

इथे बहुतेकांची गाडी अडते. पहिल्या वर्षी मी वीस बिया नुसत्या मातीत टोकल्या, तीन उगवल्या. उरलेल्या पुढच्या पावसाळ्यात, मी ती जागा विसरून गेल्यावर, वर आल्या. बी खराब नव्हतं. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. माळावर ही सोय कामाची असते. सगळं बी एकाच पावसात उगवलं आणि पुढे पंधरा दिवस पावसानं दडी मारली, तर पिढीच बुडायची, म्हणून थोडं थोडं बी वर्षावर्षाच्या अंतरानं जागं होतं. आपल्याला मात्र यंदाच रोप हवं असतं.

दोन रीती आहेत. मी पहिलीच वापरतो.

बी चिमटीत धरून पॉलिश पेपरवर घासायचं. बी जिथे शेंगेला चिकटलेलं असतं तो टोकाचा डोळा सोडून विरुद्ध बाजू घासा, कारण अंकूर डोळ्याजवळ असतो. काळपट-तपकिरी रंग जाऊन आतला फिकट रंग जेमतेम डोकावला की थांबा. नेलकटरनं टवका काढणारेही आहेत, पण त्यात हात घसरला की बी दुभंगतं. घासलेलं बी साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, काही होत्या तशाच टणक. फुगलेल्या लगेच पेरा. टणक राहिलेल्या पुन्हा दोन घासे देऊन पुन्हा भिजत घाला. ही वेगळी काढायची सवय लावून घेतलीत तर एखाददुसरं बी सोडून सगळं उगवतं.

दुसरी रीत गरम पाण्याची. पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि मग ते वाटीतल्या बियांवर ओता. तसंच सकाळपर्यंत राहू द्या. शंभरभर बिया असतील तर हीच सोयीची. उकळत्या पाण्यात बी शिजवायचं मात्र नाही. रोपवाटिकांमध्ये काही ठिकाणी तीव्र गंधकाम्ल वापरतात, ते घरच्या ओट्यावरचं काम नव्हे.

जागेवर टोकायचं की पिशवीत?

जागा पक्की असेल तर थेट जागेवर टोकणं सगळ्यात उत्तम, कारण मूळ एकदाही हलत नाही. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की प्रत्येक जागी तीन-चार बिया, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल टोका. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. महिन्याभरानं सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीनं बुडाशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. गोगलगाई असतील तर पहिले पंधरा दिवस रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा. माळावर त्या नसतात, बागेत असतात, आणि कोवळा कोंब त्या एका रात्रीत साफ करतात.

पिशवीत करायचं तर एप्रिलच्या अखेरीस सुरुवात करा, म्हणजे पावसापर्यंत रोप सहा-सात आठवड्यांचं होतं. पिशवी रुंद नको, खोल हवी. एक लिटर दुधाची पिशवी वरून कापून, धुऊन, खालचे दोन्ही कोपरे कातरले की काम होतं. दोन वाटे माती, एक वाटा जाडसर वाळू, अर्धा वाटा कुजलेलं शेणखत. कोकोपीट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि इथे तेच नको आहे. पिशव्या उन्हात ठेवा. वरची माती सुकली की पाणी, एवढंच.

एकदा कुतूहलानं मी पाच आठवड्यांची एक पिशवी फाडून, माती धुऊन बघितलं होतं. वर रोप चार बोटं, जेमतेम सहा पानं. खाली मूळ वीतभराहून लांब, पिशवीच्या तळाला टेकून वळायला लागलेलं. म्हणून सांगतो, वरची वाढ बघून 'अजून लहान आहे, राहू दे' असं म्हणू नका. आठ आठवड्यांपुढे पिशवीत ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल गोल फिरतं आणि असं रोप जमिनीत गेल्यावरही पुढे कधी खोल उतरत नाही. दिसतं हिरवंगार, पण पहिल्या कडक उन्हाळ्यात बसतं. नर्सरीतलं दोन-अडीच फुटांचं 'तयार' रोप घेऊ नये, ते याचसाठी.

जमीन आणि खड्डा

ऊन पूर्ण हवं, दिवसातले सहा तास तरी. आंब्याच्या सावलीत तरवड जगतो, पण बांबूसारखा उंच जातो आणि फुलं चार येतात.

मुरमाड, हलकी, दगडगोट्यांची जमीन असेल तर तुम्ही नशीबवान आहात. गुलाब लावणारे जिला शिव्या घालतात, तीच ही जमीन. फूट-दीड फूट खोल खड्डा मे महिन्यात काढून तापू द्या, निघालेली माती आणि अर्धं घमेलं शेणखत पुन्हा भरा, संपलं. खाली कडक मुरूम लागला तर पहारीनं मधोमध आणखी हातभर भोक पाडा, मुळाला वाट मिळते.

काळी जमीन असेल तर मात्र मेहनत आहे. तरवड काळ्या मातीतही येतो, पण पावसाळ्यात पाणी तुंबलं की मूळ सडतं. तिथे खड्ड्यापेक्षा उंचवट्यावर भर द्या. निघालेल्या मातीत तितकाच मुरूम मिसळून जमिनीच्या वर वीतभर उंच, परातीएवढा रुंद ढीग करा आणि रोप त्या ढिगावर लावा. पागोळ्या पडतात ती जागा आणि न्हाणीघराचं सांडपाणी जातं ती जागा टाळा. रासायनिक खत अजिबात नको. युरिया दिलेला तरवड मी पाहिला आहे, शेजाऱ्यांकडचाच. पानं तळहाताएवढ्या जोमानं आली, फांद्या मऊ पडल्या, फुलं दिवाळीपर्यंत आलीच नाहीत.

शेंगा येतात म्हणजे हा हरभऱ्या-तुरीसारखं जमिनीला नत्र देत असणार, अशी एक समजूत आहे. सेन्ना गटातल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर तशा गाठी नसतात, तेव्हा त्या आशेनं लावू नका. पालापाचोळा देतो, तेवढं पुरे.

लावताना पिशवी ब्लेडनं उभी चिरा, मातीची ढेप फोडू नका, झटकू तर अजिबात नका. दोन झुडपांत चार-पाच फूट ठेवा, कुंपण करायचं असेल तर तीन. भोवती वाळलेला पाला किंवा बाजरीचं सरमाड अंथरा, खोडापासून चार बोटं लांब.

पाणी

पहिला पावसाळा: काही करायचं नाही. आठ-दहा दिवस उघडीप पडली तरच एक तांब्या.

पहिला हिवाळा आणि उन्हाळा: दिवाळीपासून दर बारा-पंधरा दिवसांनी एक बादली, एकदमच. रोजचा तांब्या आणि पंधरवड्याची बादली यांत पाणी साधारण तेवढंच जातं, परिणाम उलटे. रोज वरवर ओल मिळाली की मुळं वरच पसरतात. बादली खोल मुरते आणि मूळ तिच्या मागे जातं. म्हणून ठिबकही याला लावू नका. मी एक वर्ष जास्वंदीच्या लाइनवरच दोन तरवड घेतले होते. दोन्ही टरारून वाढले, दुसऱ्या पावसाळ्यातल्या वाऱ्यानं एक मुळासकट कलला. उचलून बघितलं तर मुळांची नुसती चटई, खाली जाणारं मूळ हाताच्या करंगळीएवढं.

दुसरा उन्हाळा: मार्च ते मे महिन्याला एक बादली. पानं थोडी गळतील, झाड केविलवाणं दिसेल. हात आवरा.

तिसऱ्या वर्षापासून: नाही. माण-खटावसारख्या, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या भागात हा आपला आपण राहतो, तुमच्या अंगणाची काय कथा.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उलटा आहे, तिथे पाणी जास्त होतं. उताराची, कातळाजवळची, पाणी न थांबणारी जागा निवडलीत तर प्रयत्न करून बघा, पण त्या हवेत त्याहून सोपी देशी झुडपं भरपूर आहेत. उगाच हट्ट नको.

गॅलरीतल्या कुंडीत?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मंडळींकडून हमखास येतो. होतो, पण तो दुष्काळ सोसणारा तरवड राहत नाही. मुळाला दीड फुटावर तळ लागला की त्याची सगळी कमाई संपली. कुंडीतल्या तरवडाला उन्हाळ्यात इतर झाडांसारखंच पाणी लागतं. तरीही हवाच असेल तर निदान अठरा इंच खोल कुंडी किंवा जुना ड्रम घ्या, भरपूर भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मा मुरूम-वाळू भरा. बी थेट कुंडीतच पेरा आणि झाड तीन फुटांवर छाटत राहा. कुंडीत पिठ्या ढेकूण लवकर लागतो. पाण्याच्या फवाऱ्यानं धुतला की बहुतेक वेळा भागतं.

छाटणी

रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. त्याला बाजूनं चार फांद्या फुटतात आणि झुडूप भरीव होतं. त्यानंतर वर्षातून एकदा, मेअखेर, वळवाचा पाऊस पडायच्या सुमाराला, वरचा तिसरा हिस्सा छाटा. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे गणपतीनंतर छाटणी केली तर नवरात्राची फुलंच कापली जातात. चार-पाच वर्षांनी बुंधा उघडा पडला तर दीड फुटावर बिनधास्त कापा, जमिनीत मूळ खोल असेल तर पुन्हा फुटतो. छाटलेल्या काटक्या फेकू नका. गावाकडे दातवण म्हणून चालायच्या, आणि याची साल तर कातडं कमवायला वापरत. सालीत टॅनिन, म्हणजे कातडं टिकवणारं तुरट द्रव्य, भरपूर असतं.

फुलं आली की

माझ्याकडे पिशवीतल्या रोपांना दुसऱ्या नवरात्रात भरघोस फुलं आली, एकाला पहिल्याच वर्षी दोन-तीन. पहिल्या बहरात एक दिवस सकाळी सात-साडेसातला खुर्ची टाकून झुडपाजवळ बसा. काळा भुंगा येतो, लाकूड पोखरणारा तो दांडगा भुंगा. फुलावर पायांनी घट्ट पकड घेतो, पंख थांबवतो आणि अचानक वेगळ्याच सुरात 'झ्झ्झ' असा आवाज येतो. फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही उघड्यावर नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. भुंगा अंग थरथरवून ती डबी हलवतो, तेव्हा पराग बाहेर उडतो. मधले आखूड पुंकेसर त्याच्या पोटापाण्याचे. खालचे लांब, वाकडे पुंकेसर त्याच्या अंगावर पराग टाकतात, जो पुढच्या फुलाला पोचतो. वरचे तीन पुंकेसर नुसते शोभेचे, त्यांत कामाचा पराग नसतो. भुंगा नसेल तर शेंगा कमी धरतात, म्हणून कुंपणाचा वाळका बांबू किंवा जुना लाकडी वासा लगेच जाळू नका, त्याचं घर तिथेच असतं.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, आठवड्यात अर्धं झुडूप खरवडलेलं दिसेल. औषध मारू नका. फिकट पिवळसर-पांढरी, वेगानं उडणारी इमिग्रंट फुलपाखरं याच झाडावर अंडी घालतात. पंधरा दिवसांत पानं परत येतात. रोप फूटभराच्या आतलं असेल तरच अळ्या उचलून मोठ्या झुडपावर ठेवा.

तेलंगणात याच फुलाला तंगेडू म्हणतात. ते तिथलं राज्यफूल आहे आणि बतुकम्मा या सणातली फुलांची रास त्याच्याशिवाय पुरी होत नाही. तमिळनाडूत आवारम. वाळलेल्या फुलांचा चहा मधुमेहावर म्हणून हल्ली पाकिटांतून विकला जातो. घरचीच फुलं आहेत म्हणून साखरेच्या गोळ्यांच्या जोडीला रोज काढा सुरू करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

माळेसाठी फुलं सकाळीच काढा, दुपारपर्यंत मान टाकतात. झुपका पूर्ण तोडण्याऐवजी उमललेली फुलं तेवढी खुडा, मागच्या कळ्या दसऱ्यापर्यंत पुरतात. आणि निदान एका झुडपाची फुलं अजिबात तोडू नका, ते बियांसाठी ठेवा.

त्या शेंगा जानेवारीत काढून दोन दिवस उन्हात वाळवा, सोला, भोकाच्या बिया निवडून टाका. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं, की आत दडलेला भुंगेरा मरतो. मग चुलीची राख मिळाली तर चिमूटभर राखेत घोळवून कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर साल आणि जागा लिहा. माझ्या डब्यात आता सात पुड्या आहेत. त्यांतली एक मोगराळे घाटाच्या त्या वळणावरची, जिथला पहिला तरवड मी मारला होता. रस्ता आता रुंद झाला आहे, पण कडेच्या भरावात तरवड पुन्हा उगवला आहे.